निळ्या पिशवीतला सरडा

शनिवार, २५ एप्रिल. सकाळी साडेसहा, वडगाव, बेळगाव.

हजर: मी, माझी भाची मृणाल (थोरल्या बहिणीची मुलगी, बेंगळूरला सरड्यांवर संशोधन करते) आणि तिची जुनी जीप. पुढे सामील झाले: सिद्धाप्पा, धनगर, वय पासष्ट, आणि बसू, मासे धरणारा, नावेचा मालक.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे यादीशिवाय घराबाहेर पडत नाही. या प्रवासाची यादी बावीस कलमांची होती. कापडी पिशव्या लाल नऊ, निळ्या नऊ. काठ्या, दोरा, पट्टी, कापसाच्या काड्या, झेंड्या, वही, पेन्सिली. शेंगाचटणी, कुंदा, ओआरएस. पिशव्या मीच शिवल्या होत्या, घरच्या मागाच्या उरलेल्या कापडातून. आमच्याकडे दोन यंत्रमाग आहेत आणि ते दिवसभर खडखडत असतात. मृणालला मदतनीस हवा होता. ज्याला यायचं होतं त्याची परीक्षा निघाली, आणि तिनं मला विचारलं, "मावशी, तीन दिवस येशील? तुला फक्त यादीवर टिका करायच्यात." एवढं काम तर मला झोपेतही येतं.

काकती, हत्तरगी, मग हमरस्ता सोडून घटप्रभेवरच्या धरणाच्या फुगवट्याकडे. हमरस्त्यावर निपाणीकडे जाणारे ट्रक, दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली शेतं. आत वळल्यावर एकदम माळ. बोडका, दगडांचा, उन्हानं पिवळा पडलेला. इथे काय बघायचं, असं मला वाटलं आणि ते मी बोलूनही दाखवलं.

मृणालनं जीप थांबवली. "त्या दगडावर बघ. हलू नकोस."

दगडावर हाताच्या बोटाएवढा मातकट सरडा होता. मातीत माती. तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि गळ्याखालून एक पंखा उघडला. मी लहानपणापासून रेशमात वाढले आहे, पण असा निळा मी कुठल्याही रिळावर पाहिलेला नाही. वर निळा, मध्ये काळा, आणि टोकाला भगव्याचा एक भरघोस ठिपका. उघडला, मिटला, उघडला, मिटला. मग दोन पायांवर उभा राहून तो पुढच्या दगडावर पळाला आणि तिथं पुन्हा तेच.

"मादीला बोलावतोय," मृणाल म्हणाली. "फक्त हे दोन महिने. पाऊस आला की पंखा बंद. मग पुन्हा माती."

मी वही काढली आणि 'निळा' एवढंच लिहिलं.

सिद्धाप्पांचं घर गावाच्या टोकाला आहे. हे गाव धरणानंतरचं, जुनं पाण्याखाली. ओसरीवर घोंगडं, बाहेर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं, आणि एक कुत्रा जो मला पाहून भुंकला नाही म्हणून मला थोडं वाईट वाटलं. जेवायला जोंधळ्याची कडक भाकरी होती, ताटापेक्षा मोठी. आमच्याकडे भाकरी मऊ असते आणि पापुद्रा सुटला नाही तर करणारीची उलटतपासणी होते. इथं ती मोडताना आवाज यावा लागतो. सोबत ठेचा आणि गाडग्यातलं ताक. मी मोठ्या अभिमानानं बेळगावच्या कुंद्याचा डबा उघडला. आत मुंग्यांनी आमच्या आधीच पंगत धरली होती.

"असू द्या बाई," सिद्धाप्पा म्हणाले, आणि मुंग्या झटकून पहिला घास त्यांनीच घेतला. "त्येंनीबी बेळगाव बघाय नगं व्हय?"

संध्याकाळपर्यंत आम्ही माळावरचे नऊ नर धरले. आम्ही म्हणजे मृणालनं. मी झेंड्या रोवल्या. काठीच्या टोकाला दोऱ्याचा सैल फास, तो हळूच मानेवरून जातो आणि सरड्याला कळतही नाही. प्रत्येक नर ज्या दगडावर सापडला तिथं आकड्याची झेंडी, पिशवीला तोच आकडा, पोटावर पेनानं तोच आकडा. माळावरचे निळ्या पिशवीत. ओसरीतल्या सावलीत दोरीवर पिशव्या टांगल्या. मोजमाप तिथंच करायचं आणि मग ज्याला जिथं धरला त्याला तिथंच सोडायचं. सरकारी परवानगीच्या कागदावर हे वाक्य होतं आणि मृणालनं ते मला दोनदा वाचून दाखवलं.

रात्री मला झोप लागेना. मागाचा खडखडाट नव्हता.

रविवार, २६ एप्रिल. बिरदेवाचं बेट.

बसूची नाव म्हणजे मोठी गोल टोपलीच. ती पुढे जाण्याआधी स्वतःभोवती फिरते. मी काठ घट्ट धरला. माझी टोपी पाण्यात पडली.

"आक्का, टोपी सोडा, काठ धरा," बसू म्हणाला. "टोपी निपाणीत मिळती."

समोर टेकडी होती. पूर्वी ती बेट नव्हतीच. आपण काल होतो तो माळ चढत चढत थेट तिथं जायचा. धरण अडवलं तेव्हा मी नुकती पाळण्यातून उतरले होते आणि सिद्धाप्पा मेंढरं राखणारे सोळा वर्षांचे होते. त्यांनी पाणी चढताना पाहिलं. रोज थोडं. आधी ओढा गेला, मग वाट, मग एका सकाळी टेकडी सुटी झाली.

"आमी मेंढरं आणली हिकडं," नावेतून मागचा काठ दाखवत सिद्धाप्पा म्हणाले. "द्येव तिथंच राहिला. त्येला कोण उचलणार?"

टेकडीवर बिरदेवाचं ठाणं आहे, चार दगड आणि वर भंडारा. नारळ वाढवून सिद्धाप्पा बाजूला बसले आणि मृणाल कामाला लागली. दुपारपर्यंत नऊ नर लाल पिशव्यांत आले, आकडे पुन्हा एकपासून. पहिला मी जवळून पाहिला. तोच निळा, तोच काळा. पण भगव्या ठिपक्याला खालून एक खाच होती. कुणी कात्रीनं कातरावं तशी, फिकट.

"याचा तुटलाय," मी म्हणाले.

"पुढचा बघ."

पुढच्यालाही खाच. त्याच जागी. त्याच्या पुढच्यालाही. मी एकेक पाहत गेले. नऊच्या नऊ. आणि मृणाल म्हणाली की तिनं तीन उन्हाळ्यांत या बेटावर खाच नसलेला एकही नर पाहिलेला नाही, आणि माळावर खाच असलेला क्वचितच.

मला हे दृश्य ओळखीचं वाटत होतं, कुठलं ते आठवायला क्षणभर लागलं. जकार्डच्या मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या पानांवरून उतरते. पानातल्या भोकांवर ठरतं की कुठला धागा वर येणार. एका पानात एक भोक चुकीचं पडलं तर त्या मागावरच्या प्रत्येक साडीच्या पदरात, त्याच मोराच्या त्याच पिसाला, तीच चूक येते. गल्लीत दहा माग असतील तर दुसऱ्याकडून बरं पान आणता येतं. एकच माग असेल आणि गल्लीला रस्ताच नसेल, तर काही वर्षांनी ती चूकच नक्षी होते.

मी हे मृणालला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, हे मी चोरणार."

मग तिनं तिच्या बाजूनं सांगितलं. पाणी चढलं तेव्हा टेकडीवर जे थोडे सरडे अडकले, त्यांचीच ही प्रजा. सरडा एखाद-दुसरा पावसाळा पाहतो, म्हणजे पन्नासेक पिढ्या झाल्या असतील. थोड्यांत कुणाचं काय पुढे जाईल हा निव्वळ नशिबाचा भाग. एखाद्याची खाच सगळ्यांची होऊन बसते. आणि सगळे एकमेकांचे नातलग झाले की लपलेले दोषही वर येतात. अंडी फुटत नाहीत, पिल्लं तगत नाहीत. इथं तसं होतंय का, हेच तिला पाहायचं होतं. गालातून कापसाची काडी फिरवून घेतलेली लाळ, अंड्यांची मोजणी, आणि चौथा उन्हाळा.

सिद्धाप्पा ऐकत होते. "म्हंजी समदी भावकीच," ते म्हणाले.

"होय आप्पा."

"मग एडका पालटा की! आमी दर दोन-तीन वर्सांनी पालटतो. आमचा एडका दुसऱ्याच्या कळपात, त्येचा आमच्या. न्हायतर कोकरं किरटी निपजत्यात. ह्ये कुनीबी सांगंल."

"पण तुम्ही स्वतः मामाची पोरगी केली म्हणत होता काल," बसूनं टोमणा मारला.

"केली की. एडक्याला न्हाय चालत, मानसाला चालतंय," सिद्धाप्पा म्हणाले. "आनि ती मामाची पोरगी तुला भाकरी घालती, ध्यानात ठेव."

मृणाल हसली. "एका पिढीचं निराळं, आप्पा. इथं पन्नास पिढ्या मामाचीच चाललीय."

"मग तर पालटाच!"

"कदाचित पालटायला लागेल. पण आत्ता नाही. आधी कळू दे की यांचं किती गेलंय. काही यांचं स्वतःचं, चांगलं असंही झालं असेल. उन्हाला टिकायचं, कमी खाण्यावर जगायचं. एकदा बाहेरचा मिसळला की ते कधीच वेगळं काढता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे बेट बंद राहिलं पाहिजे. माझं सगळं काम त्यावर उभं आहे."

सिद्धाप्पांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी होकार असा लावला.

ठाण्यावरून मी एकदा सगळीकडे पाहिलं. चारी बाजूंना पाणी, आणि दगडादगडावर उघडमीट करणारे छोटे निळे पंखे. मधलं पाणी कापायला बसूच्या वल्ह्याला किती वेळ लागतो ते मी घड्याळात पाहिलं होतं: एका चहाएवढा. एवढ्याशा पाण्यानं एक वेगळी दुनिया तयार झाली होती आणि तिला स्वतःला ते माहीत नव्हतं.

सोमवार, २७ एप्रिल. टिका.

सकाळी चहा घेतला, ओसरीतल्या पिशव्या मोजल्या. लाल नऊ, निळ्या नऊ. बरोबर. लाल पिशव्या घेऊन आधी बेटावर जायचं, आणि निळ्या संध्याकाळी माळावर सोडायच्या. सिद्धाप्पाही नावेत बसले, देवाला जायचं म्हणून. ते त्या दिवशी खुशीत होते.

मृणालनं मला नियम सांगितला होता: "पिशवीतून काढ, उलटा कर, पोटावरचा आकडा वाच, मग सोड, मग टिक." तिनं टेकडीची पलीकडची बाजू घेतली, अलीकडची माझी. पहिले तीन मी उलटे करून वाचले. ते वळवळतात, बोटाला चावतात. दुखत नाही पण दचकायला होतं. पिशवीवर आकडा होता, झेंडीवर तोच आकडा होता. चौथ्यापासून मी पिशवी आणि झेंडी जुळवली आणि टिक केली. असं मी ऑफिसात रोज करते: पाकिटावरचं नाव बघायचं, आत कोण आहे ते नाही.

सातव्या झेंडीपाशी पिशवी रिकामी करून मी टिक केली आणि निघाले. मागे वळून पाहिलं ते केवळ हौसेनं.

तो दगडावर चढला होता. मोठा, भरलेला. त्यानं गळा उघडला आणि भगवा ठिपका आख्खा होता. कुठंही खाच नाही.

मी तिथंच उभी राहिले. एक क्षण, फक्त एक, मला ते इतकं सुंदर वाटलं की त्याचा अर्थ लागला नाही. पन्नास पिढ्यांत या टेकडीवर कुणी असा गळा पाहिला नसेल. आजूबाजूच्या दगडांवरचे दोन नर पंखे उघडून त्याच्याकडे वळले. मग मी ओरडले.

मृणाल धावत आली. तिनं पाहिलं. काठी घेऊन ती पुढे सरकली. फास मानेपर्यंत पोचला, वारा आला, दोरा हलला, आणि तो दगडांच्या राशीत शिरला.

"आप्पा," मी वळून विचारलं. मला का कोण जाणे, लगेच कळलं होतं.

"म्या पालटला," सिद्धाप्पा म्हणाले. चेहऱ्यावर आनंद होता. "तुमी च्या घेत होता तवा. निळ्या पिशवीतला सगळ्यात दणकट हुडकून काढला. हितला एक मरतुकडा त्येच्या जागी ठेवला. एकाला एक. कळपाचा आकडा मोडाय नको."

म्हणून तर माझी मोजणी बरोबर आली होती.

"मी काल काय सांगितलं आप्पा?" मृणालचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलंस, ऐकलं. पन तू शिकल्याली पोर, तुला कागूद आडवा येतो. मला कुटं कागूद हाय? ही टेकडी पान्यानं तोडली पोरी, द्येवानं न्हाय. मी बघितलंय तोडताना."

मृणाल त्यांच्याशेजारी दगडावर बसली.

"आप्पा, नवा एडका आणला की त्याच दिवशी कळपात सोडता?"

"ह्यॅ! सोडतंय कोन? आधी दात बघायचं, खूर बघायचं. आठ-धा दिस येगळा बांधायचा. खूर कुजल्याला आला तर समदा कळप लंगडा हुतोय."

"याचे खूर कुणी बघितले?"

त्यांनी दगडांच्या राशीकडे पाहिलं.

"माळावरच्या सरड्यांच्या अंगावर गोचिडासारखे बारके किडे असतात. इथल्यांच्या अंगावर मला ते कधी सापडले नाहीत. त्यानं ते आणले असतील, नसतील. मला माहीत नाही. आणि माहीत नसताना तुम्ही एडका सोडला असता का?"

सिद्धाप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "न्हाय," ते म्हणाले. "न्हाय सोडला असता." मग उठले आणि एकेक दगड उचलायला लागले. मृणालनं त्यांना थांबवलं. दगडांखाली अंडी असतात.

आम्ही चौघं ऊन चढेपर्यंत तिथं दबा धरून बसलो. तो दोनदा दिसला, दोनदा निसटला. मग पाण्यावर वारा सुटला आणि बसू म्हणाला, "आक्का, आता न्हाय निघालो तर बिरदेवापाशीच वस्ती." परतताना टोपली फिरत होती आणि मी काठ धरायलाही विसरले.

ओसरीवर मी नऊ निळ्या पिशव्यांतला प्रत्येक सरडा उलटा करून पोट वाचलं. पाचव्या पिशवीत पोटावर सात होता, भगव्याला खाच असलेला, बारका. त्याला बसूनं आणि मृणालनं वारा पडल्यावर परत नेऊन सोडलं. उरलेले आठ माळावर. आठ टिका, या वेळी पोट वाचून. पाचव्या झेंडीचा दगड मोकळा राहिला.

मी मृणालला म्हणाले, "चूक माझी. उलटा केला असता तर पिशवीतच कळलं असतं."

"होय," ती म्हणाली. ती खोटं बोलत नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग त्याच दुपारी तिनं परवानगी देणाऱ्या कार्यालयाला सगळं लिहून कळवलं: कुठला नर, कुठे, कसा सुटला. मी म्हटलं, थांब, आधी धरू दे, मग कळव. ती म्हणाली, "मावशी, तेच तर मला करायचं नाही." माझं नावही तिनं लिहिलं. मीच सांगितलं होतं.

निघताना सिद्धाप्पांच्या मामाच्या पोरीनं, म्हणजे गौराक्कांनी, आम्हाला भाकऱ्या बांधून दिल्या. "ह्येनी लई साल मेंढरं राखली," त्या म्हणाल्या. "त्येंला वाटतं समदं जग कळपच हाय. वाईट नका वाटून घिऊ." सिद्धाप्पा वाघरीपाशी पाठ करून उभे होते. जीप सुरू झाल्यावर मात्र खिडकीशी आले. "त्येच्यावर ध्यान ठिवतो," ते म्हणाले. "हात लावत न्हाय. फकस्त ध्यान."

वडगाव.

घरी येऊन तीन आठवडे होत आले. माग चालू आहेत. पहिल्याच दिवशी मी जकार्डची सगळी पानं उजेडासमोर धरून पाहिली. नवऱ्यानं विचारलं काय शोधतेस, मी म्हटलं काही नाही.

आधीची परवानगी त्या तीन दिवसांपुरतीच होती, त्यामुळे बेटावर पुन्हा फास लावायला नव्यानं परवानगी लागणार आहे. मृणालनं अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. पाऊस आला की नरांचे गळे मिटतात आणि मग ओल्या दगडावरच्या मातकट सरड्यांतून कुणाचा ठिपका आख्खा होता हे ओळखायला एकेक पकडून पोट वाचावं लागेल, आणि पोटावरचा आकडा कातीबरोबर गेला असेल. आणि त्याआधी त्याची अंडी जमिनीत गेली, तर धरूनही उपयोग किती, हे मृणाललाही सांगता येत नाही. तिचा चौथा उन्हाळा या एका नरावर अडकून बसलाय.

मला रोज दोन गोष्टी वाटतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. तो परत आला पाहिजे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि डोळे मिटले की तो दगडावर चढून आख्खा भगवा उघडताना दिसतो.

गुरुवारी बसूच्या फोनवरून सिद्धाप्पा बोलले. ते दर दोन दिवसांनी बेटावर जातात, देवाचं निमित्त.

"बाई, हाय त्यो. सातव्या झेंडीवरच. गळा फुगवून बसलाय राजावानी."

"एकटाच?"

"खाली दोगी बसल्यात," ते म्हणाले. "आनि बाई, आबाळ यायला लागलंय. कागूद आला का?"

नव्हता आला. मी फोन ठेवला आणि यादी काढली. बावीस कलमं झालेली आहेत, टोपीच्या पुढेही 'हरवली' लिहून टिक केली आहे. त्याखाली जीपमध्ये बसून लिहिलेलं तेविसावं आहे:

२३. निळी पिशवी क्र. ५. बेटावरून परत आणणे. सोडण्याआधी पोट वाचणे.

त्याच्यापुढचा चौकोन रिकामा आहे.